कौसाबाईंची अकरा घरं

कौसाबाईंचं वय किती होतं हे मला कधीच कळलं नाही. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "तीन विसा झाल्या असतील, नायतर व्हायल्या असतील." मेंढरं विसांनी मोजणाऱ्या घरातल्या त्या. वीस झाली की एक खडा बाजूला. स्वतःचं वयही त्यांनी त्याच मापानं मोजलं होतं.

बाकी त्यांच्याबद्दलचे आकडे माझ्याकडं पुष्कळ आहेत, कारण आकडे जमवणं हा माझा धंदाच आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं क्वालिटी खात्यात आहे. सुटा भाग मापात बसला तर पुढं पाठवायचा, नाही बसला तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. आम्ही बजाजनगरात राहायचो, चौतीस घरांच्या गल्लीत. बहुतेक घरांत नवी लग्नं झालेली, कारखान्यातली माणसं, त्यामुळं कुठल्या ना कुठल्या घरात बाळंतीण असायचीच. आमची गल्ली आणि मागच्या दोन गल्ल्या मिळून कौसाबाई अकरा घरी बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला जायच्या.

त्या वर्षी डिसेंबरात मी त्यांच्याबद्दल एक वाक्य बोललो, आणि संक्रांतीपर्यंत अकराची दोन घरं राहिली. ते वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं पचलं. पण ते नंतर. आधी बाई कशी होती ते सांगतो.

थंडीत सकाळी सहाला त्या गल्लीच्या तोंडाशी दिसायच्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी स्वेटर, त्यावर काळी घोंगडी, डोक्याला गच्च बांधलेलं फडकं, पायांत पुरुषी बूट. मोजे नव्हते, त्याऐवजी पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. बायका हसायच्या. कौसाबाई म्हणायच्या, "हसा. म्या सोभायला नाय बांधलं, जगायला बांधलंय."

घरात शिरल्यावर लगेच बाळाला हात लावायच्या नाहीत. घोंगडी खाली ठेवायच्या, दोन्ही हात काखेत घालायच्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. तेवढा वेळ बोलणं बंद. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं. गार हात लागला तर लेकरू माणसालाच भ्यायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. मग पाणी कोपरानं बघायच्या. कोपराला जे सोसतं तेच पाणी बाळाला. हाताच्या पंज्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पंजा कामानं मेलाय, त्याला काय कळतंय?"

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आणि ओव्या-बाळंतशेपांची धुरी द्यायची पद्धत आमच्या भागात सगळीकडं होती. थंडी वाढली की लोक दारं-खिडक्या गच्च लावून घ्यायचे. कौसाबाई आल्या की आधी दार उघडायच्या. एका घरात सासू म्हणाली, "अहो, वारं लागेल तिला." कौसाबाईंनी दारात वीट अडकवली आणि म्हणाल्या, "धूर भाईर गेला पायजे आन् माणूस आत ऱ्हायला पायजे. तुम्ही उलटं करायलेत." मावळतीनंतर कुठल्याच खोलीत पेटती शेगडी ठेवू द्यायच्या नाहीत. त्या विषयावर त्यांचं कुणाशीही भांडण व्हायचं.

गल्लीतल्या मोठ्या माणसांवरही त्यांचा अधिकार चालायचा. पहिल्या पाळीची बस सव्वासहाला यायची. थांब्यावर पोरं ओल्या केसांनी उभी दिसली की त्या जाता जाता म्हणायच्या, "आईनं डोकं पुसायला शिकवलं नाय व्हय रं?" पोरं हसायची, पण दुसऱ्या दिवशी कानाला मफलर असायचा.

आमच्या समोर नाईक सर राहायचे, निवृत्त मुख्याध्यापक. वय सत्तर, छातीचं दुखणं, पण पहाटे सहाला अर्धी चड्डी घालून फिरायला जाण्याचा त्यांचा नेम. थंडीची लाट आली तरी नेम मोडायचा नाही, हा त्यांचा अभिमान. एका पहाटे कौसाबाई त्यांना वाटेतच आडव्या गेल्या.

"सर, कुठं निघाले?"

"फिरायला. तब्येतीसाठी."

"मेंढरं बी उन्हं पडल्याबिगर वाड्यातनं सोडत नाय आम्ही. तुमाला कुणी सोडलं?"

सर चिडले. म्हणाले, "मी काय मेंढरू आहे का?"

"नाय. मेंढराच्या अंगावर लोकर असती."

सर परत फिरले. आठवडाभरानं ते आठ वाजता, टोपी-स्वेटर घालून फिरताना दिसायला लागले. आमच्या डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, असं ते सगळ्यांना सांगायचे. कौसाबाईंच्या कानावर ते गेलं. त्या म्हणाल्या, "डाक्टर शहाणा हाय." एवढंच.

हे ज्ञान त्यांनी कुठून आणलं, ते एकदा सुनीतानं, माझ्या बायकोनं, विचारलं होतं. कौसाबाईंचं गाव वैजापूर तालुक्यातलं. लहानपणापासून कळपामागं चालणं. चालत्या वाटेवर, कडाक्याच्या थंडीत मेंढी व्यायची. ओलं कोकरू खाली ठेवलं तर मरतं. मग बाईनं ते पुसायचं, उघड्या पोटाशी धरायचं, वरून घोंगडी गुंडाळायची आणि कळपाबरोबर चालत राहायचं. "पुढच्या मुक्कामापत्तुर कोकरू ओरडाया लागलं की समजायचं, जगलं. गप ऱ्हायलं की समजायचं, गेलं." पुढं चराईची रानं गेली, कळप विकला आणि नवरा-बायको वाळूजला आले. नवरा एका गोदामावर राखणदार होता. माझ्या लग्नाच्या आधीच तो वारला.

सुनीताला आठव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी झाली. वजन एक किलो आठशे वीस ग्रॅम. नऊ दिवस हॉस्पिटलात ठेवून घरी सोडलं तेव्हा एक किलो आठशे तीस. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. वजन अडीच किलो होईपर्यंत अंघोळ नाही, दर दोन तासांनी दूध, आणि बाळाला उबदार ठेवायचं. मी वही काढली, पानांवर रकाने आखले: वेळ, दूध, झोप, ताप, वजन. एक ताणकाटा विकत आणला. वाण्याकडची किलोची वजनं त्याला लावून तो बरोबर दाखवतो की नाही हे तपासलं. दोन्हीकडच्या आया आम्हाला नव्हत्या, त्यामुळं कौसाबाईंना बोलावलं. आमचं घर त्यांचं चौथं, साडेआठचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलीला उचललं, तळहातावर जरा वेळ धरलं आणि म्हणाल्या, "हिला पानी नगं. ही अजून पोटातलीच हाय, चुकून भाईर आलीय."

म्हणजे अंघोळ घालायची नाही हे त्यांना डॉक्टरांइतकंच माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं सगळं यावरच फिरलं.

त्यांनी मुलीला कोमट फडक्यानं पुसलं, झाकल्या झाकल्याच तेलाचा हात फिरवला, डोक्याला टोपडं घातलं. नंतर स्वतःची चोळी सोडून तिला उघड्या छातीशी उभी धरली, वरून लुगडं, त्यावर घोंगडी. मी तोंड फिरवून बाहेर गेलो. तासभर त्या तशाच बसून होत्या. बाकीची घरं आटोपून दुपारी पुन्हा आल्या आणि पुन्हा दोन तास बसल्या. मधल्या वेळात सुनीतानं तसंच धरून बसायचं, असं तिला शिकवलं.

मला ते आवडलं नाही. घोंगडीला मेंढराचा वास होता. टोपड्यावर काळ्या लोकरीचे तंतू सापडायचे. मी ते चिमट्यानं काढायचो. एवढ्या नाजूक बाळाला जंतू लागले तर, हा विचार डोक्यातून जाईना. सुनीताला म्हणालो तर ती म्हणाली, "त्यांच्याकडं असली की ती रडते, दूध मागते. खाली ठेवली की गप होते." मला वाटलं, रडत नाही हे चांगलंच आहे.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कौसाबाई मुलीला हातावर तोलून म्हणाल्या, "उतरलीय. ओढायची ताकत नाय हिला. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा."

मी म्हणालो, "मावशी, हाताला ग्रॅम कळत नाहीत."

"बरं. तुमच्या काट्याला कळंल, दोन दिसांनी."

दोन दिवसांनी काट्यानं एक किलो सातशे नव्वद दाखवलं. चाळीस ग्रॅम कमी. कुणीही शहाण्यानं यातून काय घेतलं असतं? ही बाई म्हणते ते बरोबर निघतं, तिचं ऐकावं. मी तसं केलं नाही. कारखान्यात एखादी लॉट बिघडली की आम्ही पहिल्यांदा बघतो, बाहेरून नवीन काय आलं. आमच्या घरात बाहेरून नवीन आली होती ती घोंगडी.

मी कौसाबाईंना दारातच थांबवलं. म्हणालो, "मावशी, उद्यापासून येऊ नका. वजन उतरतंय. आम्ही आमच्या पद्धतीनं बघतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाद घातला नाही. माझ्या खांद्यावरून आत बघून सुनीताला म्हणाल्या, "पोरी, खाली ठिवू नगंस तिला." मग मला म्हणाल्या, "भाऊ, लेकराचे पाय बघत जावा. तोंड फसवतं, पाय फसवत नाय."

माझी पद्धत अशी होती. खिडकीजवळ स्वच्छ धुतलेला पाळणा. त्यावर दोन फुटांवर शंभर वॅटचा बल्ब. भिंतीवर खोलीचं तापमान दाखवणारी पट्टी. वाटी-चमचा तेवढा घेतला, पण तो कौसाबाईंनी सांगितला होता हे कबूल न करता. सुनीताला टाक्यांचा त्रास होता, झोप नव्हती. मी तिला म्हणालो, "तू झोप, मी आहे." ती दोनदा म्हणाली, "जवळच घेते ना." मी म्हणालो, "तुला डुलकी लागली आणि ती चेपली तर?" तिनं मुलीला पाळण्यात ठेवलं.

त्या आठवड्यात आमच्या भागात सकाळी सहा ते साडेआठ वीज जायची. त्याचं वेळापत्रक मीच कपाटाला चिकटवलेलं होतं. अडीच तास बल्ब बंद राहणार हे मला लेखी ठाऊक होतं. मी हिशेब केला की तेवढ्या वेळात खोली तीन अंशांनी उतरेल, फार नाही. पट्टीही तेच दाखवत होती. पण पट्टी स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर होती आणि पाळणा खिडकीजवळ.

तिसऱ्या सकाळच्या नोंदी अजून वहीत आहेत. सहा वाजता: रडली नाही. सात वाजता: दूध दोन चमचे, झोप. आठ वाजता: गाढ झोप, गाल लाल, ताप नाही.

"ताप नाही" हे मी काखेत तापमापी लावून लिहिलं. साधी पाऱ्याची तापमापी, घरोघरी असते ती. झटकून लावली, पूर्ण तीन मिनिटं ठेवली. पारा तळाशी होता तिथंच राहिला. मला बरं वाटलं. त्या तापमापीवरचे आकडे चौऱ्याण्णवपासून सुरू होतात. त्याच्या खाली रेषच नाही. बाळाचं अंग ब्याण्णव असो की नव्वद, पारा तळाशीच बसणार. आपल्या मापाची हद्द कुठं संपते हे आधी बघायचं, असं मी कारखान्यात नव्या पोरांना दर वर्षी शिकवतो. स्वतःच्या मुलीच्या वेळी मी न हललेला पारा बघितला आणि चांगली बातमी म्हणून लिहून टाकला.

सव्वाआठच्या सुमारास कौसाबाई गल्लीतून चालल्या होत्या. तीन घरं आटोपून पुढच्या घरी. सुनीतानं खिडकीतून हाक मारली. मला न विचारता.

त्या आत आल्या. त्या दिवशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या नाहीत, हात आधीच गरम पाण्यातून निघालेले होते. पाळण्याशी वाकल्या, लंगोटाखालून पोटाला हात लावला, मग तळपायाला.

"ही झोपलेली नाय," त्या म्हणाल्या. "गारठलीय."

मी वही पुढं केली. खरंच केली. म्हणालो, "ताप नाहीये, आत्ताच बघितलाय. गाल बघा, लाल आहेत."

त्यांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही. सुनीता मुलीला घ्यायला हात पुढं करत होती. कौसाबाई म्हणाल्या, "तू भ्यालीस पोरी, तुझं अंग गार झालंय. माझं तापलंय, तीन घरचं पानी काढलंय." चोळी सोडून मुलीला आत घेतलं, टोपडं खाली ओढलं, घोंगडी आवळली. "भाऊ, रिक्षा बघा. पळा."

क्रांती चौकाजवळच्या हॉस्पिटलपर्यंत पंधरा किलोमीटर. रिक्षाला एका बाजूला पडदा होता, दुसरी बाजू उघडी. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, पर्दे की साइड बैठो, हवा लगेगी." त्या पडद्याच्या कोपऱ्यात बसल्या आणि अंगाचं मुटकुळं केलं. उघड्या बाजूनं सुनीताला बसवलं नाही, मला बसवलं. "भाऊ, तुम्ही रुंद हायसा. वारं अडवा." बेचाळीस मिनिटं मी तेवढंच केलं. त्या सकाळी मी केलेलं ते एकच उपयोगाचं काम.

वाटेत त्या सारख्या बोलत होत्या, माझ्याशी नाही, घोंगडीच्या आत. "ए म्हातारे. ओरड की गं. शिव्या दे की बापाला." हॉस्पिटल जवळ आलं तेव्हा आतून बारीक आवाज आला. मांजरीच्या पिलासारखा. कौसाबाई डोळे मिटून म्हणाल्या, "हां. आता शानी झाली."

आत डॉक्टरांनी वेगळ्या तापमापीनं बघितलं. त्र्याण्णव. इतका वेळ छातीशी धरल्यानंतर त्र्याण्णव. त्याच्या आधी किती असेल, ते कुणाच्या वहीत नाही. मुलीला उबेच्या पेटीत ठेवलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "वेळेवर आणलंत. आता धोका नाही." मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं, "एवढी गारठली कशी? घरी काय चाललं होतं?"

मी म्हणालो, "एक बाई यायची. रोज सकाळी, तेल लावायला."

हे ते वाक्य. यात खोटा शब्द कुठला? बाई यायची. रोज सकाळी यायची. तेल लावायची. तिला मी तीन दिवसांपूर्वी बंद केलं होतं, ती पाळण्यात ठेवू नका म्हणत होती, पाळणा माझा होता, बल्ब माझा होता, हे मी बोललो नाही. आकडे सगळे बरोबर, बेरीज खोटी.

डॉक्टर कौसाबाईंकडं वळले. त्या बाकाच्या टोकाला बसून चोळीच्या गाठी बांधत होत्या. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून ते म्हणाले, "मावशी, एवढ्या लहान बाळाला थंडीत उघडं करून तेल-पाणी करायचं नसतं. जीव गेला असता."

कौसाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी पुढं काही बोलतो का, हे बघत होत्या. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभा राहिलो. सुनीता आत, मुलीजवळ होती. थोड्या वेळानं कौसाबाई म्हणाल्या, "व्हय साहेब." घोंगडी उचलली आणि निघून गेल्या. त्या परत कशा जाणार, हे मी विचारलं नाही. त्यांची सात घरं त्या सकाळी आमच्यापायी राहिली होती.

दुपारी कपडे न्यायला मी घरी आलो. गल्लीतल्या पाच-सहा जणी दारात जमल्या. बाळाला काय झालं म्हणून विचारलं. मी तेच वाक्य सांगितलं. "डॉक्टर काय म्हणाले?" डॉक्टर जे म्हणाले तेही सांगितलं. तेही खरंच होतं.

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. ज्या घरांत कोवळं बाळ होतं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून कौसाबाईंना नको म्हटलं. कुणी पाहुणे आलेत म्हणून, कुणी माहेरी चाललेय म्हणून. मी गल्लीत राहणारा माणूस. कोणत्या घरापुढं सकाळी चुलीवर पाणी तापत नाही, हे मला दिसत होतं. अकरा, आठ, पाच. संक्रांतीला दोन.

सुनीता बाळ घेऊन घरी आल्यावर तिला हे कळलं. ती मला म्हणाली, "तुम्ही एकदा गल्लीत सगळ्यांना नीट सांगा."

"मी काही खोटं बोललेलो नाही."

"तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणाले का?"

तिनं स्वतः दोघी-तिघींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुझं मन मोठं आहे गं." नवऱ्यानं डॉक्टरांसमोर सांगितलेलं आणि बाळंतीण बाईनं दारात सांगितलेलं, यात आमच्या गल्लीनं काय धरलं ते उघड आहे. मी बोललो असतो तर एका संध्याकाळचं काम होतं. आज सांगतो, रविवारी सांगतो, असं करत महिना गेला. मग वाटलं, आता विषय निघत नाही तर उगाच कशाला काढा.

नंतर त्या मला तीन-चारदा रस्त्यात भेटल्या. प्रत्येक वेळी एकच प्रश्न. "लेक कशी हाय?" मी वजन सांगायचो. दोन किलो शंभर. दोन किलो सहाशे. त्या मान हलवायच्या. सुनीतानं बोलावलं तरी घरी आल्या नाहीत. म्हणायच्या, "नगं. लोक तुलाच बोलतील." उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी खोली सोडली आणि गावी मुलाकडं गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला पाहिजे.

मुलगी, ऋतुजा, आता बावीस वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत घर आवरताना तिला ती वही सापडली. आम्ही आता बजाजनगरात राहत नाही. तिनं कपाटातली जुनी तापमापी आणून वहीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, याच्यावर चौऱ्याण्णवच्या खाली काहीच नाहीये. मग तुम्ही 'ताप नाही' कशावरून लिहिलं?"

मी तिला सगळं सांगितलं. हॉस्पिटलातल्या वाक्यासकट. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "त्या आहेत का अजून?"

सुनीताच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदांसाठी मला वैजापूरला तहसीलमध्ये जायचंच होतं. पौष चालू होता. काम झाल्यावर रात्री तिथंच राहिलो आणि सकाळी कौसाबाईंच्या गावाची गाडी धरली. ऋतुजा येते म्हणत होती. मी नको म्हटलं. तिला पुढं करून मला माफी सोपी करून घ्यायची नव्हती.

दहा वाजले असतील. घरापुढच्या अंगणात बाज टाकलेली होती आणि त्यावर कौसाबाई उन्हात बसलेल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. डोळ्यांत पांढरट पडदा. मी नाव सांगितलं, गल्ली सांगितली.

"वहीवाले भाऊ," त्या म्हणाल्या. "लेक कशी हाय?"

"बरी आहे. बावीसची झाली."

"एक ईस आन् दोन," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. तुमचं येणं मी बंद केलं, पाळण्यात मी ठेवलं, तुम्ही वाचवलंत, आणि हॉस्पिटलात मी अर्धंच बोललो. पाठ केल्यासारखं बोललो. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला कशाला सांगता भाऊ? मला तवाच ठाव हुतं. ज्यांना ठाव नव्हतं त्यांना सांगायचं हुतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

त्यांनी घराकडं तोंड वळवून हाक मारली, "मंगल. ए मंगल, भाईर ये."

सून बाहेर आली. चाळिशीच्या आतली, हाताला पीठ. कौसाबाई तिला म्हणाल्या, "हे बजाजनगरचे भाऊ. काय म्हणतेत त्ये ऐक." मग मला म्हणाल्या, "सांगा."

मला आधी कळेना. मग सून खाली बघत जे तुटक बोलली त्यावरून कळलं. बजाजनगरात या गावची आणखी माणसं कामाला होती. माझं वाक्य त्यांच्याबरोबर बसनं इथं आलं होतं, कौसाबाई येण्याच्या आधीच. सुनेला दोन मुलं झाली. दोन्ही वेळा तिनं न्हाऊ घालायला शेजारची बाई लावली. पंचक्रोशीतली कोकरं आणि आमच्या गल्लीतली अर्धी मुलं ज्या हातांवर जगली, त्या हातांत तिनं या घरातलं एकही लेकरू सहा महिन्यांचं होईपर्यंत दिलं नाही.

मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी पाठ केल्यासारखं आलं नाही. सून पीठ लागलेले हात तसेच धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मला काय ठाव भाऊ. तुम्ही शिकलेली मानसं. डाक्टर बी तसंच म्हनला म्हने. म्हटलं, असंल खरं."

"मुलं केवढी आहेत?" मी विचारलं.

"थोरला चौदाचा. धाकटी अकराची. शाळंत गेलेत."

कौसाबाई म्हणाल्या, "जावा भाऊ आता. साडेदहाची गाडी चुकली तर मंग दोन वाजता हाय."

चहा घ्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. सूनही म्हणाली नाही. आमच्याकडं दारातून माणूस असा परत जात नाही. मी निघालो.

वळणावर मी मागं पाहिलं. सून बाजेवर येऊन बसली होती, पायथ्याच्या टोकाला. कौसाबाई डोक्याकडच्या टोकाला. दोघीही समोर बघत होत्या. मधे हातभर जागा रिकामी होती, आणि तिच्यावर ऊन पडलं होतं.